वकील माणूस थेट प्राचार्य होऊ शकतो का? (विधी महाविद्यालय, तालुक्याचं ठिकाण)

पैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शिक्षणसंस्थेचा प्रश्न आहे, नाव देत नाही. विनाअनुदानित विधी महाविद्यालय आहे आणि प्राचार्यपद रिकामं आहे. संस्थेच्या कार्यकारिणीवर एक वकीलसाहेब आहेत. दिवाणी बाजूची २६ वर्षांची वकिली, एलएल.एम. झालेलं, नेट-सेट नाही, पीएच.डी. नाही. त्याच महाविद्यालयात ११ वर्षांपासून तासिका तत्त्वावर सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) आणि मालमत्ता हस्तांतरण शिकवतात. त्यांच्या तासाला वर्ग भरलेला असतो. अध्यक्षांचं म्हणणं असं की एवढा जाणता माणूस घरात असताना बाहेरून कशाला आणायचा.

तर एक, त्यांना प्राचार्य करता येतं का? दोन, केलं तर कोर्टातलं काम चालू ठेवता येईल का? त्यांच्याकडे चालू पक्षकार बरेच आहेत. तीन, पूर्वी बॅरिस्टर मंडळी थेट कुलगुरू व्हायची, मग आता नेमकं काय आडवं येतं? नियमासकट सांगितलं तर बैठकीत मांडता येईल.

सनद आणि खडू

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही". कारणं एकावर एक आहेत, त्यामुळे एक सुटलं तरी दुसरं उभं राहतं.

प्राचार्यपदाची पात्रता यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत आहे. महाराष्ट्राने ती ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू केली. त्यात पीएच.डी. हवी, सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक हा दर्जा हवा, अध्यापन किंवा संशोधनाची एकूण १५ वर्षं हवीत, समवलोकित (पीअर रिव्ह्यू झालेल्या) किंवा यूजीसीच्या यादीतल्या नियतकालिकांत किमान १० शोधनिबंध हवेत, आणि परिशिष्ट दोनच्या तक्ता दोनप्रमाणे किमान ११० संशोधन गुण हवेत. विधी महाविद्यालयाला बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे विधी शिक्षण नियमही लागतात. त्यांच्याप्रमाणे प्राचार्याकडे त्या पदासाठी यूजीसीने ठरवलेली, विधी विषयातली पात्रता असावी लागते. यातल्या एकाही ओळीत वकिलीची वर्षं मोजलेली नाहीत. २६ वर्षांच्या वकिलीला या रकान्यात शून्य.

आता ती ११ वर्षं. बहुतेक संस्था इथेच फसतात. "अध्यापनाचा अनुभव ११ वर्षे" असा दाखला लेटरहेडवर टाईप होतो आणि छाननीत उडतो. पूर्वीची तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा धरायची तर त्या वेळी त्या पदाची किमान पात्रता हवी होती, रीतसर निवड समितीतून नेमणूक हवी होती, आणि दरमहा एकूण मोबदला नियमित शिक्षकाच्या पगाराहून कमी नसावा, अशा अटी आहेत. नेट-सेट नसल्याने पहिली अट गेली. तासिकेचे पैसे म्हणजे तिसरी गेली. दुसरी तपासायचीही गरज उरली नाही.

संशोधन गुणांचं गणित एकदा कागदावर करूनच बघा. विधी विषय सामाजिक शास्त्रांच्या रकान्यात येतो, तिथे एका निबंधाला १० गुण. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७०%, म्हणजे ७. दोघांपेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७ आणि बाकीच्यांना ३-३. एकट्याच्या नावावर १० निबंध असले तर झाले १००. राष्ट्रीय प्रकाशकाचं एक पुस्तक, त्याचे १०. बेरीज ११० झाली म्हणून थांबू नका. गुण सहापैकी किमान तीन प्रकारांतून आलेले असावे लागतात, आणि निबंध व पुस्तक हे दोनच प्रकार झाले. राज्यस्तरीय परिसंवादातलं एक निमंत्रित व्याख्यान (२ गुण) तिसरा प्रकार भरून काढतं. उलट बाजूने, व्याख्यानं आणि धोरणविषयक दस्तऐवज मिळून एकूण गुणांच्या ३०% च्या वर धरत नाहीत, म्हणजे नुसती भाषणं देऊन ११० होत नाहीत. वकील संघाच्या स्मरणिकेतले लेख, वर्तमानपत्रातलं सदर आणि परीक्षेच्या गाइडा यांना काहीही मिळत नाही. एक सावधगिरी अजून: यूजीसीने केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. जुना निबंध दाखवताना तो छापला त्या वेळी नियतकालिक यादीत होतं, याची प्रत जोडून ठेवा.

दुसरा प्रश्न. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. अध्यापनाला १९७९ च्या नियमांनी सवलत दिली आहे, पण ती फक्त विधी शिकवायला आणि दिवसाला ३ तासांपर्यंत. तेवढं काम अर्धवेळ समजतात. वकीलसाहेब आज बसतात ते याच सवलतीत. प्राचार्यपद पूर्णवेळ, म्हणून सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करणं आलंच. "सकाळी कॉलेज, दुपारी कोर्ट" असं प्राचार्याला जमत नाही. कोणी तक्रार केली तर बार कौन्सिलकडची शिस्तभंगाची कारवाई आणि विद्यापीठाची मान्यता, दोन्ही एकदमच अंगावर येतात.

तासिकेवाला वऱ्हाडी

बाप्पा, सगळे प्राचार्यपदातच अडकले. ते वकीलसाहेब कार्यकारिणीवर हायेत नं? मंग पयले हे पाहा का संस्थेच्या केसेस कोण लढवते. गावोगावी सचिवच वकील असते आणि संस्थेचं वकीलपत्रही त्याच्याच नावानं असते. बार कौन्सिलचा नियम ८ सरळ सांगते, ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर वकील सदस्य हाय, त्या संस्थेच्या बाजूनं किंवा विरुद्ध त्याले कोर्टात, न्यायाधिकरणात, कोणत्याच प्राधिकरणापुढे उभं राहता येत नाही. समितीचं नाव काहीही असो, कारभार पाहणारी असली का झालं. फी घेतली नाही म्हणून सुटका नाही. बिनफीची सूट फक्त बार कौन्सिल, वकील संघ असल्यांसाठी हाय.

बडतर्फ शिक्षक ३० दिवसांत विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात अपिलात जाते, आणि पयल्याच तारखेले त्याचा वकील हाच मुद्दा काढते. मंग नवा वकील, नवीन तारीख, आणि संस्थेची बाजू सुरुवातीलेच लंगडी.

जुना हजेरीपट

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. पूर्वी वकील थेट त्या खुर्चीवर बसत, हे खरं आहे आणि आपल्याच भागात त्याची उदाहरणं आहेत. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये निघालं, त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस नागपूरचे वकील. सर हरिसिंह गौर हे भारतीय दंड कायद्यावर मोठा ग्रंथ लिहिणारे वकील. १९२२ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, मग नागपूरचे, आणि १९४६ मध्ये आपली कमाई घालून सागर विद्यापीठ उभारलं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ ते १९३८ मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटी त्यांनी १९४५ मध्ये काढली. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख बॅरिस्टर. अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यांनी उभी केली.

ही यादी बैठकीत वाचाल तर टाळ्या पडतील, पण तिच्यात वेगवेगळ्या खुर्च्या मिसळल्यात. पंजाबराव संस्थापक होते, म्हणजे आजच्या भाषेत व्यवस्थापन. ती खुर्ची वकिलाला आजही मोकळी आहे, तिला नेट लागत नाही, पीएच.डी. लागत नाही आणि सनदही जात नाही, कारण पगार नाही. बोस-गौर यांची खुर्ची त्या काळी सार्वजनिक प्रतिष्ठेवर मिळे आणि विद्यापीठाचं काम मुख्यतः परीक्षा घेणं, पदव्या देणं असं होतं. आज कुलगुरूसाठी यूजीसीची अट विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान १० वर्षं, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन करणाऱ्या संस्थेत १० वर्षं, अशी आहे. राज्याचा कायदा एक बोलला आणि यूजीसी दुसरं, तर काय, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या प्रकरणात निकाली काढलं: यूजीसीचे नियम मोडून झालेली कुलगुरूची नेमणूक रद्द. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केरळच्या तंत्रज्ञान विद्यापीठातही तेच झालं. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने जो मसुदा काढला त्यात उद्योग, सार्वजनिक प्रशासन वगैरे क्षेत्रांतल्या ज्येष्ठांना कुलगुरूपद खुलं करण्याचा प्रस्ताव होता. मसुद्यावर जाहिरात काढता येत नाही, एवढं लक्षात असू द्या.

विद्यापीठाच्या कारभारात वकिलाला शिरायचं असेल तर सरळ दार अधिसभेचं (सिनेटचं) आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे १० निवडून आलेले प्रतिनिधी असतात, संस्थाचालकांचे वेगळे. गोंडवाना असो, अमरावती असो की नागपूर, तालुक्याच्या बारमधला माणूस इथून जाऊ शकतो. नाव मतदार यादीत वेळेत नोंदवलेलं पाहिजे. अर्धे इच्छुक तिथेच गळतात, प्रचाराला सुरुवात केल्यावर कळतं की आपली स्वतःचीच नोंदणी नाही.

पैनगंगाकाठ

आभार. डोळे उघडले म्हणायचे. दोन उपप्रश्न आहेत. अध्यक्ष आता म्हणतात की प्राचार्य नको तर "मानद संचालक" करू आणि सह्या त्यांच्याच चालू देऊ. हे चालेल का? दुसरं, त्याच बारमधल्या एका ३१ वर्षांच्या वकील मुलीला खरंच या मार्गाने जायचं आहे. एलएल.एम. ५८%, सात वर्षांची वकिली. तिनं सुरुवात कुठून करावी?

सनद आणि खडू

मानद संचालक हे पद संस्थेने आपल्यापुरतं निर्माण केलेलं. पगार नसला तर नियम ४९ आडवा येत नाही, पण त्या सहीला बाहेर किंमत नाही. महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) शिष्यवृत्तीचा अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनला पडतो, मग प्राचार्याच्या. संचालकाला लॉगिनच नाही. परीक्षा अर्ज, बोनाफाईड, विद्यापीठाशी पत्रव्यवहार, सगळीकडे "प्राचार्य" शिक्का लागतो. प्राचार्याचा पासवर्ड संचालकाला देऊन काम भागवणं हा प्रकार सर्रास चालतो, आणि शिष्यवृत्तीत घोळ निघाला की चौकशीत ज्याचं लॉगिन त्याच्या गळ्यात पडतं. पद भरेपर्यंत महाविद्यालयातल्याच ज्येष्ठ, पात्र शिक्षकाच्या नावाने प्रभारी प्राचार्यपदाची मान्यता विद्यापीठाकडून घ्या.

वकीलसाहेबांचा उपयोग करून घ्यायचा असेल तर दोन चांगल्या जागा आहेत. विद्यापीठ अधिनियमाच्या कलम ९७ ची महाविद्यालय विकास समिती: व्यवस्थापनाचे अध्यक्ष किंवा त्यांचा प्रतिनिधी तिचा पदसिद्ध अध्यक्ष असतो, प्राचार्य सदस्य-सचिव, वर्षातून किमान चार बैठका. अध्यक्षांनी वकीलसाहेबांना आपला प्रतिनिधी नेमलं की अंदाजपत्रक, नवीन अभ्यासक्रम, पदांची मागणी, सगळ्यावर त्यांचा हात येतो, तोही कायदेशीर. दुसरी जागा यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतली "प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस". आपल्या व्यवसायात किमान १५ वर्षं हवीत, पदवीची आणि निबंधांची अट नाही. मंजूर पदांच्या १०% पर्यंतच अशा जागा आणि त्या मंजूर पदांच्या बाहेरच्या. मुदत कमाल ३ वर्षं, अपवादाने चौथं. आधीपासून अध्यापनाच्या पदावर असलेल्यांसाठी ती योजना नाही, त्यामुळे त्यांच्या ११ वर्षांच्या तासिका त्यात आड येतात का, हे प्रस्ताव पाठवण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा. ही वाट प्राचार्यपदाकडे जात नाही, हेही त्यांना आधीच स्पष्ट सांगा.

त्या मुलीचं वय अगदी बरोबर आहे. एलएल.एम. ५५% च्या वर आहे, आता विधी विषयात सेट किंवा नेट. त्यासोबत अर्धवेळ पीएच.डी. ला नोंदणी, २०२२ च्या नियमांत अर्धवेळ चालते, कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं, किमान मुदत ३ वर्षं, साधारण कमाल ६. कोर्सवर्क संपेपर्यंत सनद चालू ठेवून दिवसाला ३ तासांच्या मर्यादेत शिकवता येईल, पण ती वर्षं पुढे मोजली जाणार नाहीत, हे तिला माहीत असावं. मोजणी सुरू होते ती नियमित सहायक प्राध्यापक म्हणून निवड झाल्यापासून. पीएच.डी. हातात असेल तर पहिली बढती ४ वर्षांनी, दुसरी ५, तिसरी ३, म्हणजे १२ वर्षांत सहयोगी प्राध्यापक. १५ वर्षं पूर्ण झाली की प्राचार्यपदाचा अर्ज. ३५ व्या वर्षी आत शिरली तर ५० ला खुर्ची. पीएच.डी. नसताना शिरली तर पहिली बढतीच ५ वर्षांवर जाते आणि सहयोगी प्राध्यापकाच्या दारात पीएच.डी. शिवाय अडते. म्हणून आधी पीएच.डी., मग नोकरी, असा क्रम जमला तर उत्तम.

नेमणूक झाली की सनद स्थगितीचा अर्ज. मुंबईला बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे मूळ सनदेसह. झेरॉक्स पाठवून मूळ घरी फ्रेममध्ये ठेवू नका, अर्ज परत येतो. त्याआधी चालू वकीलपत्रं मोकळी करा: पक्षकाराला पुरेशी आधी लेखी सूचना, न केलेल्या कामाची फी परत, आणि सीपीसीच्या ऑर्डर ३ रूल ४ प्रमाणे कोर्टाची परवानगी घेऊन वकीलपत्रातून नाव काढणं. बारमधल्या मित्राने "मी पाहून घेतो" म्हटलं तरी कोर्टाच्या दप्तरी वकील तुम्हीच राहता. प्राचार्यपदाची मुदत ५ वर्षं, आणि मूल्यमापनानंतर अजून एकदा. नंतर पुन्हा कोर्टात यायचं असेल तर सनद पूर्ववत करायचा अर्ज, सोबत वकील अधिनियमाच्या कलम २४-अ खालची कोणतीही अपात्रता आली नसल्याचं शपथपत्र.

कोर्टफी स्टॅम्प

पात्र झालेला वकील प्राचार्य झाल्यावर काय बिघडतं, तेही लिहून ठेवतो, कारण तक्रारी तिथूनच येतात.

कोर्टाची सवय विभागीय चौकशीत अंगाशी येते. चौकशीत आरोप संशयापलीकडे सिद्ध करायचा नसतो, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच पाहायचं. वकील-प्राचार्य प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी तीन तारखांना लांबवतो आणि निलंबित लिपिक घरी बसून निर्वाह भत्ता घेत राहतो. संस्थेने चौकशीत बाजू मांडायला वकील आणला तर कर्मचाऱ्यालाही वकील द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये पोर्ट ऑफ बॉम्बेच्या प्रकरणात तसं ठरवलंय. म्हणून संस्थेच्या बाजूने एखादा जाणता अधीक्षक बसवलेला बरा.

दुसरी चूक: लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी असलेल्या अंतर्गत समितीवर "मला कायदा कळतो" म्हणून प्राचार्याने स्वतः बसणं. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत वरिष्ठ प्रशासकीय पदावरच्यांना त्या समितीवर सदस्य होता येत नाही. अध्यक्ष वरिष्ठ महिला शिक्षक, तक्रारीत विद्यार्थी गुंतलेले असतील तर तीन विद्यार्थी सदस्य, चौकशी ९० दिवसांत. समितीच चुकली की खऱ्या तक्रारीचाही अहवाल टिकत नाही.

आणि पैनगंगाकाठ, तुमच्या संस्थेत या सगळ्याच्या आधी एक कागद बघा. कार्यकारिणी शेवटची बदलली तेव्हाचा चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करण्याचा अर्ज) सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे दाखल झाला होता का, आणि मंजूर झाला का? सचिव बदलला पण शेड्यूल वनवर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर) जुन्याच सचिवाचं नाव, असं असेल तर प्राचार्याच्या जाहिरातीवर सही कोणाची, हाच पहिला आक्षेप येईल. निवड समितीत कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी येतात, त्यांची नावं मागणारं पत्र अधिकृत सहीचं नसेल तर विद्यापीठ ते परत पाठवतं आणि उन्हाळ्याच्या सुट्या लागतात. शेड्यूल वनचा ताजा उतारा काढून जाहिरातीच्या प्रस्तावाला पहिल्या पानावरच लावा.

पैनगंगाकाठ

उतारा काढला. सचिवाचं नाव २०१४ चंच आहे. चेंज रिपोर्ट दाखल आहे, हरकत आलेली आहे, तारीख पुढच्या महिन्यात. जाहिरात थांबवली. प्रभारीचा प्रस्ताव सोमवारी विद्यापीठात जातोय.